न वितळता जडलेला धातू

(दृश्य : गिअरबॉक्सचं कवच. कॅमेरा बोल्टच्या भोकाजवळ जातो.)

भोकाच्या कडेला ही पांढरट, पोखरलेली जागा दिसते ना, तिथूनच सुरुवात होते. हे हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सचं ओतीव कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. एक घनसेंटिमीटर मॅग्नेशियम भरतं १.७४ ग्रॅम. तेवढंच अॅल्युमिनियम २.७, आणि पोलाद ७.८च्या आसपास. जे यंत्र उडवायचं, त्यात हा फरक फार मोलाचा. पण यंत्रांचे सांगाडे ज्या धातूंचे करतात, त्यांत मॅग्नेशियमइतका चटकन इलेक्ट्रॉन देऊन टाकणारा दुसरा नाही. शेजारी पोलादी बोल्ट आणि मध्ये खारट ओलावा, एवढं जमलं की बॅटरी तयार झाली. तिच्यात खपतं ते मॅग्नेशियम.

अशी जागा वेल्डिंगने भरून काढणं अवघड. उष्णतेने कवच वाकतं, मापं बिघडतात, आसपासच्या धातूची ताकद उतरते. त्यामुळे झीज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की एरवी धडधाकट असलेलं, महागडं कवच भंगारात जायचं.

(दृश्य : नोझलमधून निघणारा भुकटीचा झोत.)

आता हे पाहा. धातूची भुकटी थेट पृष्ठभागावर आदळते आहे आणि तिथेच बसते आहे. ठिणग्या नाहीत, वितळलेला थेंब नाही. याला कोल्ड स्प्रे म्हणतात. सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कमध्ये, १९८०च्या दशकात, अनातोली पापिरिन आणि त्यांचे सहकारी ध्वनीपेक्षा वेगवान हवेत बारीक कण सोडून प्रवाहाचा अभ्यास करत होते. कण समोरच्या वस्तूला घासून झिजवत होते, वाळूच्या माऱ्याने व्हावं तसंच. पण एका ठरावीक वेगापलीकडे झीज थांबली आणि कण वस्तूवर जमू लागले. लेप द्यायचा म्हणून कुणी हा प्रयोग मांडलेला नव्हता. समोर जमलेल्या थराकडे बिघाड म्हणून न पाहता त्यांनी त्याचा पाठपुरावा केला, हे मला फार मोठं वाटतं.

त्या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. तो धातूगणिक बदलतो; अनेक धातूंसाठी सेकंदाला काहीशे मीटर. तो गाठायला नोझल आधी आवळत जाते आणि मग पसरते. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी एकोणिसाव्या शतकात वाफेच्या टर्बाइनसाठी वापरलेलीच ही रचना. आत उच्च दाबाचा नायट्रोजन किंवा हेलियम. वायू काहीशे अंशांपर्यंत तापवतात, पण नोझलमध्ये पसरताना तो थंड होतो, आणि कण त्यात असतो जेमतेम क्षणभर. तो शेवटपर्यंत घनच राहतो.

(दृश्य : एक कण, संगणकावरचं चित्र. अतिशय संथ गती.)

कण पाच ते पन्नास मायक्रॉनचा, केसाच्या जाडीहूनही लहान. आदळताच तो चपटा होतो. कडेचा धातू इतक्या वेगाने ताणला जातो की निर्माण झालेली उष्णता निसटायला वेळच मिळत नाही. तेवढीच पातळ कड मऊ पडून बाहेर उसळते. जाताना ती पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाडून नेते. उघडा धातू उघड्या धातूला भिडतो. मागून येणारा प्रत्येक कण आधीच्याला हातोडीसारखा ठोकतो, म्हणून थर दाट होत जातो.

हा दाटपणा मॅग्नेशियमसाठी जीवन-मरणाचा आहे. तांबं असलेल्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर शुद्ध अॅल्युमिनियमचा थर दिला, तर त्यात एखादं छिद्र राहिलं तरी निभावतं: थर स्वतः झिजतो आणि खालचा धातू वाचवतो. मॅग्नेशियमवर नेमकं उलट होतं. तिथे खालचा धातूच जास्त चंचल. थरात एक आरपार छिद्र राहिलं, की सगळा मारा त्या टाचणीएवढ्या जागेवर एकवटतो आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या कवचाला आतून खड्डा पडत जातो. अर्धवट लेपापेक्षा उघडं मॅग्नेशियम बरं, असं म्हणावंसं वाटतं ते यामुळे.

नुसतं अॅल्युमिनियम मऊ, घर्षणात टिकत नाही. म्हणून भुकटीत अॅल्युमिनाचे, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, कठीण कण मिसळतात. ते स्वतः चपटे होत नाहीत, त्यामुळे एकटे चिकटतही नाहीत. पण थरात रुतून बसतात, झीज कमी करतात, आणि जे उडून जातात तेही जाता जाता थर ठोकून घट्ट करतात.

अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेने या पद्धतीवर बरंच काम केलं आणि २००८मध्ये तिच्यासाठी लष्करी मानक निघालं. अडचणी आहेतच. हेलियम कणांना जास्त वेग देतो, पण महाग पडतो. ताजा थर कठीण असला तरी ताण पडला की फारसा लवत नाही. आणि नोझलला जे समोर दिसत नाही, त्या खोबणीत लेप पोचत नाही.

(दृश्य : मिठाच्या धुक्याची पेटी, काचेमागे नमुने.)

पस्तीस अंश तापमान, पाच टक्के मिठाचं पाणी, आणि रात्रंदिवस धुकं. लेप दिलेले तुकडे या पेटीत कित्येक तास ठेवतात. थरात कुठे वाट राहिली असेल, तर त्या जागी पांढरी भुकटी वर येते. डावीकडून तिसरा तुकडा पाहा. तो बाद झाला आहे.