तीनाला आठ

(नाशिकमध्ये ओतकाम शिकणाऱ्या मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

भांडी बाजारात जा. अ‍ॅल्युमिनियमचा एक तवा घ्या आणि त्याच मापाचा, त्याच जाडीचा बिडाचा घ्या. पहिला काट्यावर 600 ग्रॅम भरला, तर दुसरा न तोलता सांगतो : 1600. आकारमान दोघांचं एकच, म्हणून वजनं घनतेच्या प्रमाणात. बीड 7.2, अ‍ॅल्युमिनियम 2.7. भागाकार करा, तीनाला आठ पडतं. पितळेला साधारण तीनाला साडेनऊ. आकारमान काढायची गरजच नाही. वेड्यावाकड्या पंपाच्या बॉडीचं आकारमान फूटपट्टीनं काढून दाखवा बरं!

पॅटर्न म्हणजे वाळूच्या साच्यात आकार उमटवायचा नमुना. बिडाचा नग किती भरेल ते काढायला आमच्या अंबडच्या शेडमध्ये लाकडी पॅटर्नच्या वजनाला सोळानं गुणायचे. सुकं हलकं लाकूड 0.45 धरलं की 7.2 भागिले 0.45, सोळा. एका जुलैत खिडकीखाली पडलेला पॅटर्न मी तोलला, 5 किलो. सोळा पंचे ऐंशी. त्यावर नगाचा भाव देऊन मोकळा झालो. माल निघाला 72 किलो. पार्टीनं काट्यावर ठेवून फरकाचे पैसे कापले, आणि बरोबरच केलं. लाकडानं पाऊस प्यायला होता. त्या पाण्यालाही मी सोळानं गुणलं होतं! वॉर्निश का मारतात, ते त्या दिवशी कळलं.

आता पोकळ नग. इथं मुलं हमखास अडकतात. पॅटर्न भरीव असतो; पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा बसवतात, तो कोअर. शिवाय हा कोअर टेकवायला पॅटर्नला प्रिंटची शेपटं असतात. नगात ती येत नाहीत. मग त्यांचं वजन वेगळं काढायचं का? नाही. कोअर तोला. वाळूचा घट्ट कोअर 1.6 धरा, 7.2 भागिले 1.6 म्हणजे साडेचार. अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न 6 किलो, म्हणजे बीड 16. कोअर 2 किलो, त्याचे 9 वजा. नग 7 किलो. शेपटं पॅटर्नमध्येही आहेत आणि कोअरच्या टोकांनाही आहेत, त्यामुळे वजाबाकीत आपोआप उडतात. हा हिशोब मला पहिल्यांदा ज्या मिस्त्रींनी दाखवला, ते सातवीच्या पुढे शिकलेले नव्हते. भट्टीत मात्र 7 किलो टाकून भागत नाही. रनर-रायझरचं, म्हणजे रस आत नेणाऱ्या वाटांत आणि वरच्या भरणीच्या खांबांत थिजणाऱ्या धातूचं, वजन वेगळं धरा.

सराफ बाजारातही हेच चालतं. मेणाची घनता पाण्याहून जराशीच कमी, म्हणून मेणाच्या नमुन्याच्या साडेदहा-अकरा पट चांदी लागते. गिऱ्हाईक 10 ग्रॅमची चांदीची अंगठी दाखवून म्हणतं, ‘हीच बावीस कॅरेटमध्ये, दहाच ग्रॅममध्ये करा.’ दागिन्याची चांदी 10.4, बावीस कॅरेट 17.7 च्या आसपास. हुबेहूब तीच अंगठी 17 ग्रॅमची होणार. मग सोनार मागून कोरून पोकळ करतो, नाहीतर पट्टी बारीक करतो.