सहा नंबरची जर्सी आणि अध्यक्षाची खुर्ची

नमस्कार मंडळी, आज साउथ आफ्रिकेतल्या रग्बीबद्दल बोलूया. रग्बी तिथे फक्त गोऱ्यांची असं आपल्याला वाटतं, पण काळ्या वस्त्यांमधेही जोरात खेळायचे, बोर्ड तेवढं वेगळं. 1992 ला बोर्डं एक झाली, डॅनी क्रेव्हन आणि इब्राहिम पटेल जोडीने अध्यक्ष. तरी खुर्चीवर कोण बसतं तिकडे लक्ष ठेवा.

1995 च्या वर्ल्ड कप फायनलला मंडेला कॅप्टनची सहा नंबरची हिरवी जर्सी घालून आले हे सगळ्यांना माहितीये. त्या टीममधे गोरा नसलेला एकच, चेस्टर विल्यम्स. पण मला त्याच्या पुढची गोष्ट सांगायला जास्त आवडते. बोर्डाचे अध्यक्ष होते लुई लॉइट. कारभाराबद्दल आणि वंशभेदाबद्दल तक्रारी आल्या म्हणून मंडेलांनी 1997 ला चौकशी आयोग नेमला, तर लॉइट गेले कोर्टात, म्हणे राष्ट्राध्यक्षांनी स्वतः विचारच केला नाही, मंत्र्याने सांगितलं ते केलं! आणि न्यायाधीशांनी मंडेलांनाच साक्षीला बोलावलं. मार्च 1998, वय 79, आणि ज्या माणसाने आपल्याच लोकांची नाराजी घेऊन स्प्रिंगबॉक हे राष्ट्रीय टीमचं नाव वाचवलं तो माणूस रग्बी बोर्डाच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं देत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. येणार नाही म्हणू शकले असते, पण आले. कायद्यापुढे सगळे सारखे हे त्यांनी बोलून नाही, येऊन दाखवलं, मला अजून भरून येतं. ती केस मंडेला तिथे हरले, 1999 ला तिथल्या घटना न्यायालयाने तो निकाल फिरवला. पण लॉइटना मे 1998 मधेच खुर्ची सोडावी लागली, आणि बोर्डाला पहिला काळा अध्यक्ष मिळाला, सायलस न्कानुनू.

माझं तर ठाम मत आहे, कुठल्याही खेळाच्या संघटनेत अध्यक्षाला ठराविक मुदत हवीच, आपल्या तालुक्याच्या कबड्डीलासुद्धा.

बरं, तर खुर्ची बदलली, टीम हळू बदलली. 2007 च्या फायनलला सुरुवातीच्या पंधरात गोरे नसलेले दोनच, हबाना आणि पीटरसन. 2016 ला तर सरकारने बोर्डाला मोठ्या स्पर्धांच्या यजमानपदासाठी अर्ज करायलाच बंदी घातली, गोरे नसलेले खेळाडू वाढवायचं टार्गेट गाठलं नाही म्हणून. खुर्ची बदलली, टीम हळू बदलली, लक्षात ठेवा. 2007 ची ती फायनल झ्वीडे या काळ्यांच्या वस्तीतल्या एका मुलाने दारूच्या गुत्त्यात उभं राहून बघितली, घरी टीव्ही नव्हता. त्याचं नाव सिया कोलिसी. 2018 ला तो कॅप्टन झाला, 2019 ला योकोहामात इंग्लंडला 32-12 ने हरवून कप उचलला तेव्हा जर्सीचा नंबर होता सहा.