डिकीत नाही, हाताशी

नमस्कार श्रोतेहो.

इंदूरकर सुट्टीच्या दिवशी घरी बसत नाहीत. पाऊस लागला की पाताळपाणी आणि तिंछा, थंडीत मांडू, महेश्वर, आणि पुण्या-नागपूरकडून कुणी पाहुणे आले की ओंकारेश्वर ठरलेलंच. दोन-अडीच तासांच्या अंतरावर इतकं सगळं असल्यावर गाडी दारात का उभी राहील? मुलं बरोबर असली की सामानही भरपूर निघतं. तरी ऐन वेळी हवी ती वस्तू सापडत नाही, कारण ती डिकीत, सर्वांत खालच्या पिशवीत असते. काय न्यायचं हे घरातली बाई बरोब्बर ठरवते. कुठे ठेवायचं, हे मात्र कुणीच ठरवत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

सुरुवात उलटीपासूनच करते. जेवणाची वेळ असेल तर माफ करा, पण खंडवा रोडनं सिमरोळ मागे टाकून भेरूघाटाची वळणं ज्यांनी मुलांसह घेतली आहेत, त्यांना विषय कळला असेल. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी जास्त लागते. कानाच्या आतली यंत्रणा सांगते, आपण हलतोय. डोळे मोबाइलवर खिळलेले, ते सांगतात, आपण बसलोय. या भांडणात पोट बिचारं उलटतं. म्हणून घाटात मोबाइल बंद, खिडकीची काच थोडी खाली आणि नजर समोर लांब रस्त्यावर. पण त्यातूनही व्हायचं ते झालंच, तर आईला वाटणार तीस सेकंद आहेत, हातात असणार पाच.

यासाठी मी सांगते ती वस्तू प्रत्येक मराठी घरात असते: श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा. अर्ध्या किलोचा घ्या. तोंड रुंद, झाकण घट्ट बसतं, वास बाहेर येत नाही. पन्नीसारखा, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीसारखा, तो फाटत नाही आणि दोन्ही हातांनी उघडून धरावा लागत नाही. तळाशी वर्तमानपत्राची घडी घालायची आणि डबा पुढच्या सीटच्या मागच्या खिशात ठेवायचा. डिकीत अजिबात नाही. त्याच खिशात जुन्या सुती साडीचे चार तुकडे आणि मुलाचा एक शर्ट. गाडी लागण्यावरचं औषध द्यायचं असेल, तर मात्रा आधी मुलांच्या डॉक्टरांना विचारा आणि ते निघण्यापूर्वी द्या. घाट चढताना दिलेलं बहुधा बाहेरच येतं.

आणि आता थोडं अप्रिय बोलते. निघताना पोहे-जिलेबी नको. मी स्वतः इंदूरचीच आहे, पोह्यांवर सेव किती घालावी यावरून भांडणारी आहे, तरी सांगते. तेलकट आणि गोड पोटात गेलं की पुढे घाट आहेच. मुलांना दशमी द्या, खाकरा द्या, लाह्या द्या. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी आपल्या आज्या प्रवासासाठीच करायच्या. तिचा चुरा पडत नाही, हात चिकट होत नाहीत. अख्खे शेंगदाणे-फुटाणे मात्र चार-पाच वर्षांखालच्या मुलांना चालत्या गाडीत मुळीच देऊ नका. एक धक्का बसला की दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

पाण्याच्या बाटल्या दोन प्रकारच्या ठेवा. प्यायचं पाणी स्टीलच्या बाटलीत, आणि हात-पाय-तोंड धुवायला पाच लिटरचा साधा कॅन, तो डिकीत. प्यायच्या बाटल्यांपैकी एक बरोबर लिटरभराची असू द्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते पूर्ण एकदम घालायचं. अंदाजानं अर्धं पाकीट पेल्यात ढवळलं की प्रमाण बिघडतं. कालवलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

बाटली कुठे ठेवता, याकडे मात्र नीट लक्ष द्या. ड्रायव्हरच्या पायाजवळ घरंगळत गेलेली बाटली ब्रेकच्या पायपट्टीखाली अडकली, तर ब्रेक लागत नाही. मागच्या काचेजवळच्या फळीवर ठेवलेला स्टीलचा डबा जोरात ब्रेक दाबल्यावर थेट मुलांच्या डोक्यावर येतो. म्हणून जड वस्तू खाली आणि अडकवून, फळीवर फार तर टोपी. मुलांना पट्टा बांधायचा, मांडीवर घ्यायचं नाही, पुढे तर नाहीच. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना बसवलं तर कायद्यानं हजार रुपये दंड आहे, पण तो भरून सुटता येतं, डोकं आपटल्यावर सुटता येत नाही.

आता डिकी. सीएनजीची गाडी असेल तर तिथे सिलिंडरच बसलेला असतो, उरलेल्या चिंचोळ्या जागेत सगळं कोंबायचं. स्टेपनी, जॅक, पाना, टॉर्च, लाल त्रिकोण, हे तर असायलाच हवं. पण स्टेपनी सामानाखाली असते हे विसरू नका. पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला चादरी, टोपल्या, बॅटबॉल उतरवून ठेवायचे नसतील, तर सगळं दोन मोठ्या पिशव्यांत भरा. दोन वेळा हात घातला की डिकी मोकळी.

गाडीत कायमचं ठेवू नये असंही बरंच आहे. मे महिन्यात बंद गाडी म्हणजे भट्टी. काचा लावून उन्हात उभी केली, तर दहा मिनिटांत आतलं तापमान सहज दहा अंशांनी चढतं. त्यात तापाचं सिरप वर्षभर पडलेलं असेल तर ते औषध राहिलेलं असेलच असं नाही. सिरप, पॉवर बँक, सॅनिटायझर आणि डिओचा दाबाचा डबा यांची एक छोटी पिशवी करा आणि ती घरातून गाडीत, गाडीतून घरात न्या-आणा. मूल तर दोन मिनिटांसाठीही बंद गाडीत सोडायचं नाही, एसी लावून ठेवला आहे म्हणूनही नाही.

कचऱ्याचं इंदूरकरांना काय सांगायचं? ओल्या-सुक्याच्या दोन पिशव्या गिअरपाशी लटकवा. नाही लटकवल्या तर मुलंच आठवण करून देतील. जानापावच्या डोंगरात किंवा चोरलच्या बाजूला मोबाइलची रेंज जाते, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोलावं लागू शकतं, म्हणून ११२, १०८ आणि घरचे दोन नंबर एका कागदावर लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे, तोही त्याच कागदावर.

ओंकारेश्वरला जाणार असाल तर खाण्याची पिशवी उघडण्याआधी काचा वर घ्या. माकडं वाट बघत बसलेली असतात आणि त्यांना दशमीही आवडते.

खेळणी मुलांना स्वतः निवडू द्या, एकेक छोटी पिशवी, स्वतःची स्वतः सांभाळायची. त्यातली एक नवी वस्तू मात्र तुमच्याजवळ लपवून ठेवा: चित्रांची वही, रंगीत पेन्सिली, काहीही. जाताना काढू नका. संध्याकाळी परतताना, शहरात शिरायच्या आधी गाड्यांची रांग लागली आणि मागच्या सीटवर रडारड सुरू झाली की काढा.

येत्या रविवारी निघत असाल, तर शनिवारीच स्टेपनीतली हवा तपासून घ्या. नमस्कार.