जवळच तर जायचंय!

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरला की आपल्या गोव्यात बांधकामांना जोर येतो. डिचोली घ्या, पेडणे घ्या, वाळपई घ्या, संध्याकाळी एका साइटवरून दुसऱ्या साइटवर निघालेला जेसीबी हमखास दिसतो. पुष्कळदा स्टिअरिंगवर ऑपरेटर नसतो, हेल्पर पोरगा असतो. कुणी हटकलं तर उत्तर ठरलेलं, "जवळच तर जायचंय!" मला आज बोलायचं आहे ते याच जवळच्या प्रवासाबद्दल.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरवर चालणारे लोडर, बॅकहो म्हणजे आपला नेहमीचा जेसीबी, ग्रेडर, मोबाइल क्रेन, तसेच रोलर ही सगळी बांधकामाची वाहनं म्हणून धरली आहेत. त्यांचं मूळ काम रस्त्याबाहेरचं. रस्त्यावर त्यांनी यायचं ते कामापुरतं, थोड्या वेळासाठी, ताशी ५० किलोमीटरच्या आत. पण त्या थोड्या वेळासाठीही नोंदणी हवी, निदान थर्ड पार्टी विमा हवा आणि चालवणाऱ्याकडे त्या वाहनाचं लायसन हवं. खिशात कारचं लायसन आहे म्हणून जेसीबी चालवता येत नाही. लायसनवर त्या यंत्राचा वर्ग नोंदवलेला असावा लागतो. आणि रस्ता म्हणजे फक्त हायवे नव्हे. जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी वाड्यावरची अरुंद वाटसुद्धा कायद्याने सार्वजनिक जागाच आहे.

टिपरची गोष्ट वेगळी. तो मालवाहू ट्रक. त्याला परमिट आणि फिटनेस सर्टिफिकेट लागतं, आणि चालकाचं वय किमान २० हवं.

आता मालक आणि ठेकेदारांसाठी. पोरगा लायसनशिवाय पकडला गेला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८१ त्याला लागतं, पण यंत्र त्याच्या हाती देणाऱ्याला कलम १८० लागतं. दोन्हींत तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. खरा फटका अपघात झाल्यावर बसतो. चालकाकडे योग्य लायसन नसेल तर जखमीला भरपाई आधी विमा कंपनीने द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयं देतात. ही रक्कम लाखांत जाते. भाड्याने दिलेल्या एका यंत्रापायी घर गहाण पडू शकतं, हे मी अगदी कळकळीने सांगतो आहे.

बेळगावहून, सिंधुदुर्गातून आलेली यंत्रं इथे वर्षानुवर्षं राबतात. दुसऱ्या राज्यात नोंदवलेलं वाहन बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गोव्यात ठेवलं, तर इथला नंबर घ्यावा लागतो.

कागद झाले. आता ऑपरेटर बंधूंनो, थोडं तुमच्याशी. बॅकहोला ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगवेगळे. शेतात, खड्ड्यात वळताना त्याचा उपयोग होतो. रस्त्यावर येण्याआधी मात्र ते दोन्ही पट्टीने जोडून घ्यायचे. न जोडता वेगात एकच दाबलात तर यंत्र एका बाजूला ओढलं जातं, आणि आपल्याकडे त्या बाजूला बहुधा चिऱ्याचं कुंपण असतं किंवा शाळेतून परतणारी मुलं. मागचा हात दुमडून लॉक करा, जॅक, म्हणजे खोदताना यंत्राला टेकू देणारे पाय, पूर्ण वर घ्या, पुढची बकेट जमिनीपासून फूटभर उचला. फार वर नेली तर समोरचा स्कूटरवाला दिसत नाही. मागचे दिवे चिखलाने झाकलेत का, तेही उतरून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

साखळीवर चालणारा पोकलेन डांबरावर चालवत नेऊच नका. तो ट्रेलरवर चढवूनच न्यायचा.

आणि अपघात झालाच तर पळून जाऊ नका. जखमीला दवाखान्यात पोचवा. पोलिसांना लगेच कळवा, फार तर चोवीस तासांच्या आत, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

नमस्कार.