ताकद आधी येते, स्नायू मागून भरतो

मघाशी मागच्या रांगेतल्या काकू म्हणाल्या की दीड महिना झाला जिमला जातेय, मांडीचा घेर टेपने मोजला तर होता तेवढाच, मग एवढा घाम गाळून मिळवलं काय? मी त्यांना विचारलं लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर, किती घेता, तर सुरुवातीला 20 किलो घ्यायच्या आणि आता 40. म्हणजे मांडी तेवढीच पण वजन दुप्पट, मग ही ताकद आली कुठून?

नर्व्हमधून. मज्जारज्जूतून एकेक तार निघते आणि स्नायूतल्या शेकडो तंतूंना एकदम हुकूम देते, त्या सगळ्या जोडणीला मोटर युनिट म्हणतात. शरीर आधी छोटी युनिट्स वापरतं, मोठी राखून ठेवतं. त्यामुळे एक किलोचं डंबेल घेऊन वीसदा हात हलवला आणि दमायच्या आतच ठेवून दिलं, तर मोठ्या युनिट्सना कुणी हाकच मारत नाही, त्यांना उठवायला जड वजन लागतं, नाहीतर हलकं वजन अगदी हात उचलेना होईपर्यंत.

शिकत असताना आम्ही इएमजी मशीनला, म्हणजे स्नायूतले विजेचे संदेश टिपणाऱ्या यंत्राला, स्पीकर लावायचो. मांडीवर इलेक्ट्रोड चिकटवले, पाय ताणायला सांगितलं की नवख्या बाईच्या मांडीतून तेलात थोडी मोहरी पडावी तशी तडतड यायची, आणि नियमित वजन उचलणारीच्या मांडीतून पत्र्यावर धो धो पाऊस. शिवाय नवखीचा पाय थरथरतो, कारण पुढचा स्नायू ढकलत असताना मागचा उलटा ओढत असतो, नुसती रस्सीखेच. काही आठवड्यांत मागचा सोडायला शिकतो, आणि तेवढ्यानेही ताकद वाढते!

1990 साली बॉस्टनमधला एक प्रयोग छापून आला, नव्वदीच्या आसपासची दहा अशक्त माणसं, त्यात बायकाही होत्या, त्यांच्याकडून जेमतेम एकदा उचलता येईल त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत वजन उचलून घेतलं. नऊ जणांनी 8 आठवडे पूर्ण केले. ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू फक्त 9 टक्क्यांनी. मला हे आकडे वाचून अजूनही भरून येतं, कारण आपण साठीतच आईला "तू बस गं, मी उचलते" म्हणतो.

आणि पुरुषासारखं दिसायची भीती आहे ना, तर आपल्या बायकांत टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू भरणारं पुरुषी हार्मोन, फारच कमी असतं. टक्केवारीत बघितलं तर स्नायू बायकांचाही जवळपास पुरुषांइतकाच वाढतो, पण मुळात कमी असतो म्हणून दिसायला थोडाच. वेटलिफ्टर मीराबाई चानू टोकियो ऑलिम्पिकला 49 किलो गटात खेळली आणि क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर, 115 किलो उचललं. शरीराचं वजन गटाबाहेर जाऊ द्यायचं नाही आणि ताकद तर वाढवायची, मग नर्व्हकडूनच काम काढून घ्यावं लागतं.

तेव्हा काकू, टेप तीन महिने कपाटात ठेवा, वहीत फक्त तारीख आणि वजन लिहा. आणि ढकलताना श्वास कोंडून धरू नका, सोडत ढकला. बीपीची गोळी चालू असेल तर वजन वाढवायच्या आधी डॉक्टरांशी बोला.