चिलखताच्या आत कोण?

(दृश्य: टेबलावर एका छोट्या विमानाचे दोन अर्धे भाग, शेजारी पॉलिश पेपर आणि चिमटा.)

हे इल्यूशिन इल-2, दुसऱ्या महायुद्धातलं सोव्हिएत हल्ला-विमान. मॉडेलचं प्रमाण 1:72. खऱ्या विमानात वैमानिकाच्या पाठीमागे 12 मिलिमीटर जाडीची पोलादी पाटी होती. या मॉडेलच्या हिशोबाने ती 0.17 मिलिमीटर व्हायला हवी, म्हणजे जेमतेम जाडसर कागदाएवढी. किटचं प्लास्टिकच त्याहून कितीतरी जाड. कितीही घासा, खरं माप काही हाती लागत नाही. पण घासता घासता एक प्रश्न मात्र डोक्यात शिरतो. उडणाऱ्या यंत्रावर पोलाद चढवायचं, तर ते कुणाभोवती?

विमानांचं आणि रणगाड्यांचं वेड लागतं, तेव्हा सुरुवात सगळ्यांची सारखीच. वेग किती, तोफ केवढी, कोण कुणाला भारी. वजनाचा रकाना तेव्हा कुणी वाचत नाही. पुढे कधीतरी तो दिसतो, आणि मग पिच्छा सोडत नाही.

(दृश्य: टी-34 चा पुढचा उतरता पत्रा, जवळून.)

रणगाड्याचं त्यातल्या त्यात बरं. ओझं जमिनीवर. सोव्हिएत टी-34 रणगाड्याचा पुढचा पत्रा 45 मिलिमीटरचा, पण उभ्या रेषेपासून 60 अंश मागे झुकलेला. समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला त्यातून 90 मिलिमीटर पोलाद कापत जावं लागतं. इथे आमच्यातले बरेच हौशी फसतात. त्यांना वाटतं, जाडी फुकटात दुप्पट झाली. तसं नाही. तेवढीच उंची झाकायला तिरका पत्रा दुप्पट लांब लागतो, म्हणजे वजन तेवढंच. खरा फायदा वेगळा: गोळा घसरून निसटण्याची शक्यता वाढते. आणि त्याची किंमत मोजतात आत बसलेले, कारण भिंती त्यांच्याच अंगावर झुकलेल्या असतात. जर्मन टायगरने हा खटाटोप केलाच नाही. जवळजवळ उभा, 100 मिलिमीटरचा पत्रा. गाडी गेली सुमारे 57 टनांवर.

विमानाला ही चैन नाही.

झिरो या जपानी लढाऊ विमानाचे आकडे पाहा. रिकाम्या विमानाचं वजन 1,700 किलोच्याही आत, इंजिन हजार अश्वशक्तीहून कमी. तरी जादा टाकी लावून 3,000 किलोमीटरचा पल्ला. हे जमलं कशामुळे? सुरुवातीच्या झिरोत वैमानिकामागे चिलखत नव्हतं, आणि इंधनाच्या टाक्यांना कच्च्या रबराचा थरही नव्हता. हा थर फार साधी युक्ती आहे. गोळीने टाकीला भोक पडलं की पेट्रोल लागून कच्चं रबर फुगतं आणि भोक बुजतं. पण त्याचंही वजन असतंच. ते वाचवलं, आणि झिरो पेटायला लागली.

ब्रिटिशांच्या मॉस्किटोने तिसरीच वाट धरली. प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचं विमान, दोन मर्लिन इंजिनं, दोन माणसं. बॉम्बफेकी प्रकारावर तर एकही बंदूक नाही. सापडायचंच नाही, हेच त्याचं चिलखत.

मग पोलाद नेमकं लावायचं कुठे? 1943 साली कोलंबिया विद्यापीठातल्या युद्धकालीन संख्याशास्त्र गटात अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने यावर काम केलं. परत आलेल्या विमानांवर जिथे भोकं कमी, तिथेच धोका जास्त, कारण तिथे गोळी लागलेली विमानं मोजायला परत येतच नाहीत. (विमानावरची भोकं लाल ठिपक्यांनी दाखवणारं ते प्रसिद्ध चित्र मात्र वाल्डचं नव्हे. ते खूप नंतर कुणीतरी समजावून सांगायला काढलंय.)

(दृश्य: पुन्हा टेबल. इल-2 चा पुढचा भाग.)

आता इल-2 कडे परत येऊ. आधी विमान बांधायचं आणि मग त्यावर पत्रे टांगायचे, ही रूढ पद्धत. या विमानाचा रचनाकार सर्गेई इल्यूशिनने ती उलटी केली. नाकापासून वैमानिकाच्या पाठीपर्यंत पोलादी पेटी हाच विमानाचा सांगाडा. आत वेगळी चौकट नाही. इंजिन, रेडिएटर, टाकी, वैमानिक, सगळे त्या पेटीत. वजन सुमारे 700 किलो, पण ते निव्वळ ओझं नव्हतं. पेटी विमानाचा भारही पेलत होती. रणगाड्याचे पत्रे सपाट असले तरी चालतात. इथे वाऱ्याला वाट द्यायची, म्हणून पत्रे गोलाईत दाबून घडवावे लागले. अशी 36,000 हून अधिक विमानं बनली. डिसेंबर 1941 मध्ये कारखाने मागे पडले, तेव्हा स्टालिनने तार करून सुनावलं होतं की लाल सैन्याला इल-2 हवेइतकी, भाकरीइतकी गरजेची आहे.

सुरुवातीला उत्पादनात आलेलं विमान एकट्या वैमानिकाचं. जर्मन लढाऊ विमानं पाठीमागून यायची आणि निवांत गोळ्या घालायची. 1942 मध्ये मागे बंदूकधारी बसवला. पण पेटी तर वैमानिकाच्या पाठीशी संपत होती. बंदूकधारी बसला तिच्या बाहेर, कॅनव्हासच्या एका पट्ट्यावर, 12.7 मिलिमीटरची मशीनगन धरून.

पेटी का वाढवली नाही? पुन्हा वजन. एका माणसाच्या आणि बंदुकीच्या भारानेच विमानाचा तोल मागे सरकला होता. तो सावरायला नंतर पंखांची बाहेरची टोकं मागे वळवली. पंख बदलले, पेटी तेवढीच राहिली. बंदूकधारी चिलखताच्या आत आला तो पुढच्या विमानात, इल-10 मध्ये. तोवर 1944 उजाडलं होतं.

(दृश्य: चिमट्यात नखाएवढा पुतळा.)

किटमध्ये तो कॅनव्हासचा पट्टा येत नाही. मास्किंग टेपची बारीक पट्टी कापायची, दोन्ही टोकं आतून चिकटवायची, आणि पुतळा त्यावर टेकवायचा. पाठ वैमानिकाकडे, तोंड शेपटीकडे.