घुमटातला सूर

पडद्यावर दिसणाऱ्या, बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या चर्चगायनाच्या या हस्तलिखितात सुरांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. ग्रीक शब्दांच्या डोक्यावरच्या या खुणा एवढेच सांगतात, की आधीच्या सुरावरून किती पायऱ्या वर चढायचे आणि किती खाली उतरायचे. हा आडवा फराटा म्हणजे ‘ओलिगोन’, एक पायरी वर. स्वल्पविरामासारखा दिसणारा ‘अपोस्ट्रोफोस’, एक पायरी खाली. आणि ‘इसोन’ म्हणजे त्याच सुरावर राहणे. बाराव्या शतकात रूढ झालेली ही बायझंटाइन लिपी आज वाचता येते; पण सूर कुठे रेंगाळवायचा, कुठे हेलकावायचा, हे गाऊन पाहिल्याशिवाय उमगत नाही, आणि म्हणूनच या संगीताचा अभ्यास नुसत्या ग्रंथालयात पुरा होत नाही.

डावीकडचे हे गायक एकच आधारसूर धरून उभे आहेत. यालाही ‘इसोन’च म्हणतात; तंबोऱ्याच्या षड्जाची सवय असलेल्या कानांना त्याचे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

हे गाणे ज्या वास्तूत घुमत असे, ती ही इस्तंबूलची हागिया सोफिया, इ. स. ५३७ मध्ये चर्च म्हणून उभी राहिलेली, पुढे मशीद आणि मग संग्रहालय झालेली. संगमरवराने मढवलेल्या भिंती आणि सुमारे ३१ मीटर रुंदीचा घुमट यांमुळे येथे आवाज विरायला जवळजवळ ११ सेकंद लागतात. ही वास्तू संग्रहालय असतानाही तिथे गायनाला परवानगी नव्हती. तेव्हा २०१० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील कला-इतिहासकार बिसेरा पेंचेवा यांच्या पुढाकाराने तिथे फुगे फोडून त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले गेले, आणि ध्वनितज्ज्ञ जोनाथन एबल यांनी त्या क्षणभराच्या फटक्यांतून वास्तूचा संपूर्ण नाद संगणकावर उभा केला. अलेक्झांडर लिंगास यांनी १९९१ मध्ये पोर्टलंड येथे स्थापलेल्या ‘कापेला रोमाना’ या वृंदाने त्या नादात गायला सुरुवात केली, तेव्हा प्रत्येक गायकाजवळच्या मायक्रोफोनमधून गेलेला सूर घुमटाची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, घेऊन सभागृहात परतू लागला. त्या आसेत घाई चालत नाही. लय आपोआप संथ होते, आणि कागदावर कंटाळवाणी वाटणारी एकेका अक्षरावरची लांबलचक सुरावट येथे अगदी नैसर्गिक वाटू लागते.

२०२० पासून हागिया सोफियात पुन्हा नमाज होतो.

पुढची ओळ सुरू करण्यासाठी निर्देशकांनी हात वर उचलून तसाच धरून ठेवला आहे. मागचा सूर अजून विरलेला नाही.